पुरातन शत्रू आणि एकट्याचा डाव

इंग्लंडमधील ग्रे एलियन गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली काढलेल्या ‘एन्शंट एनिमी’ या संगणकखेळाचे परीक्षण या पानांवर पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ‘पुरातन शत्रू’ हे नावच असे आहे की, धर्मशिक्षण घेतलेल्या घरात ते ऐकताच कान टवकारावेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील जुनाट सर्प तो हाच काय, आणि आपली मुले त्याच्याशी खेळतात तरी कशी, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

खेळाची मांडणी अशी. काळोखाने ग्रासलेल्या जगात दुर्बळ झालेला नायक जागा होतो. भोवती राक्षस. लढाई मात्र पत्त्यांची. समोर मांडलेल्या पानांतून आपल्या पानाच्या एक वर किंवा एक खाली असलेले पान उचलायचे. सत्तीवर अठ्ठी चालते, छक्कीही चालते. पाने जितकी सलग निघतील तितके हल्ल्याचे, बचावाचे व मंत्राचे बळ साठते. ते खर्चून वार करायचा, मग राक्षसाचा वार झेलायचा. यात पैसा लागत नाही, सैतानाची उपासना तर मुळीच नाही. पत्त्यांविषयी ख्रिस्तसभेची भूमिकाही १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे : नशिबाचे खेळ मूलतः अन्याय्य नव्हेत, मनुष्य त्यांचा दास झाला की ते घातक ठरतात.

आमचा आक्षेप निराळा आहे. या खेळातील दुष्टता फार सोपी आहे. ती बाहेर आहे, कुरूप आहे, आणि दिसताक्षणी ओळखू येते. सांगलीकरांस हे नवे नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी याच नगरीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि पुढे त्या परंपरेतील राक्षस राळेच्या भडक्यात, आरडाओरडा करीत रंगमंचावर येऊ लागले. त्यांनाही ओळखण्यास कोणाची मदत लागत नसे. परंतु तेथे शेकडो माणसे एकत्र बसलेली असत. पोर घाबरले तर आईच्या पदरात शिरत असे आणि विदूषकाच्या कोटीवर सगळ्यांबरोबर हसत असे. या खेळातील राक्षसापुढे मूल रात्री दिवा मालवून एकटेच बसते.

संत इग्नेशिअस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त सैतानास मानवी स्वभावाचा शत्रू म्हटले, आणि भाविक माणसाकडे तो बहुधा प्रकाशाच्या दूताचे रूप घेऊन येतो, असा इशारा दिला. प्रथम चांगला विचार, मग त्याला किंचित वळण. या खेळातील नायकाला असा मोह एकदाही पडत नाही. त्याला वार करायचा असतो, निवड करायची नसते. काळ्या रंगाची एवढी उधळण करूनही हा खेळ अंधाराविषयी फारसे काही सांगत नाही, तो यामुळेच.

गंमत अशी की, मूळचा साधा डाव या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. एकट्याने लावायच्या पत्त्यांना इंग्रज लोक ‘पेशन्स’, म्हणजे सहनशीलता, म्हणतात. १९९० साली विंडोज ३.० बरोबर हा डाव कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला. (त्याच्या पत्त्यांच्या पाठीवरील एका चित्रात किल्ला व वटवाघुळे होती, काळोखाची हौस जुनीच!) त्यात राक्षस नाही. चुकीचे पान घाईने उचलणारा आपलाच हात तेवढा विरोधात असतो. काही डाव कितीही विचार केला तरी सुटत नाहीत. तेव्हा पाने गोळा करून पुन्हा पिसावी लागतात. ‘एन्शंट एनिमी’चे कर्ते पत्त्यांच्या रचनेत निपुण आहेत, पुढची तीन पाने हेरण्याची बुद्धी हा खेळ खरोखर वाढवतो, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्याचे कौतुकच करू.

सातारा-सांगलीकडे आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. गल्लीत आपल्या धर्माचे दुसरे घर असेलच असे नाही. अशा घरातील मुलाच्या हातून खेळ काढून घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या शेजारी बसून हा शत्रू कोण, तो काय मागतो, असे विचारावे. पास्काच्या जागरणविधीतही आपण अंधारातच उभे राहतो. पण एका मेणबत्तीवरून दुसरी पेटवण्यासाठी शेजारी कोणीतरी असते, आणि सैतानाचा धिक्कार करण्याच्या प्रश्नास सारे मंदिर एका आवाजात उत्तर देते.