कोलाजमधील ‘स्व’ : बालाजी घाटाच्या संदर्भात काही विचार

संमिश्र माध्यमातील कोलाजचित्रांविषयी लिहिताना ‘उत्स्फूर्तता’ आणि ‘आत्माविष्कार’ हे दोन शब्द सहसा जोडीने येतात. आधी आराखडा न करता हाताशी येईल तो कागद, कापड वा छायाचित्र चिकटवीत जावे, त्यावर रंगलेपन करावे आणि त्यातून चित्रकाराचे अंतरंग आपोआप प्रकट व्हावे, अशी धारणा त्यामागे असते. या धारणेत एक मूलभूत अडचण आहे. कोलाजची सामग्री चित्रकाराची नसते. ती दुसऱ्याने छापलेली, विणलेली, वापरून टाकलेली असते. मग परक्या सामग्रीतून ‘स्व’ व्यक्त होतो तो कसा? उद्धरण, रूपांतर आणि अनुवाद यांचा विचार करणाऱ्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही हा प्रश्न अपरिचित नाही.

‘उत्स्फूर्तता’ या शब्दापासून आरंभ करू. काशीतील पंचगंगा घाटाला लागून असलेला बालाजी घाट हा पेशवेकालीन मराठी आश्रयाचा वारसा आहे. तेथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी उमेदीच्या काळात वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. मैफलीत त्यांच्या वादनातील एखादी जागा क्षणात सुचल्यासारखी वाटे; परंतु ती सुचण्यासाठी लागणारी तयारी या मंदिरातील एकांतात झालेली होती. वैष्णव देवालय, मराठी आश्रय आणि मुसलमान वादक यांच्या सान्निध्यात घडलेला तो स्वर कोणा एकाचा म्हणता येत नाही. तरीही तो निःसंशय बिस्मिल्ला खाँ यांचाच आहे. उत्स्फूर्तता ही पूर्वतयारीच्या अभावाची नव्हे, तर मुरलेल्या तयारीची खूण असते आणि परके द्रव्य ‘स्व’च्या आड येत नाही, या दोन्ही गोष्टी येथे एकदमच दिसतात.

पाश्चात्त्य कोलाजच्या इतिहासातही ही बाब स्पष्ट आहे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात चिकटविले, तेव्हा त्यात आत्मकथन नव्हते. खरे आणि भासमान यांच्या नात्याविषयीचा तो एक प्रश्न होता. कुर्त श्विटर्सने आपल्या पद्धतीला दिलेले ‘मेर्त्स’ हे नावच एका छापील शब्दाचा कापलेला तुकडा होता. १९२४ च्या जाहीरनाम्यानंतर अतिवास्तववाद्यांनी नेणिवेला अग्रस्थान दिले आणि कोलाजला आत्माविष्काराची आजची ओळख मुख्यतः तेव्हापासून चिकटली. भूपेन खख्खर यांनी मात्र १९६० च्या दशकात देवादिकांची बाजारी छापील चित्रे कापून कोलाजमध्ये वापरली, तेव्हा त्यांच्या खासगी नेणिवेइतकीच मध्यमवर्गीय घरांतील भिंतींची सामूहिक स्मृतीही त्या चित्रांत बोलत होती.

मराठी संदर्भात प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांची काही वर्षे वाराणसीत गेली. तांत्रिक प्रतिमासृष्टीशी त्यांचा तेथे आलेला परिचय समीक्षकांनी वारंवार नोंदविला आहे. विणकामाशी आलेल्या संबंधाकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. विणकामाचा नक्षीकार आपली कल्पना ताण्याबाण्याच्या घरांत बसवितो. तेथे आकृती मनातून थेट वस्त्रावर उतरत नाही. प्रत्येक धाग्याची संमती तिला घ्यावी लागते.

बरवे यांची उत्तरकालीन चित्रे काटेकोर अर्थाने कोलाज नव्हेत. ती एनॅमल रंगांत रंगविलेली आहेत. पण पान, घड्याळ यांसारख्या वस्तू आपापल्या जागेवरून उचलून रिक्त अवकाशात ठेवल्यासारख्या त्यांत येतात. चिकटविण्याची क्रिया नाहीशी झाली आहे. वेचण्याची आणि मांडण्याची क्रिया उरली आहे. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचे पुस्तक मराठीत महत्त्वाचे ठरते ते यामुळेच. चित्रकाराने आपल्या निर्मितीप्रक्रियेचा तेथे मराठी गद्यात केलेला विचार पाहिला, म्हणजे अंतःप्रेरणा आणि चिकित्सा परस्परविरोधी मानण्याचे कारण उरत नाही.

या प्रक्रियेसाठी ‘आत्माविष्कार’ हा शब्द अपुरा पडतो. त्यात ‘स्व’ आधीच सिद्ध असतो आणि कलाकृती त्याला केवळ वाट करून देते, असे गृहीत आहे. त्याऐवजी ‘वेचणी’ हा शब्द मी सुचवितो. मराठी घरातील गोधडी हे तिचे जवळचे रूप होय. जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे जोडणारी स्त्री आराखडा काढत नाही. तुकडा तुकड्याशेजारी ठेवून पाहते, उचलते, पुन्हा ठेवते. गोधडीत तिचे स्वतःचे असे एकही कापड नसेल, परंतु तिचा टाका दुसऱ्या कोणाचा नसतो.

वेचणीबरोबर एक जबाबदारीही येते. देवाला वाहून उतरविलेली फुले निर्माल्य होतात. त्यांचा उपयोग संपलेला असतो, पण ती कुठेही टाकायची नसतात. घाटावर सापडलेला पोथीचा फाटका कागद किंवा देवाची छापील तसबीर कोलाजमध्ये घेणाऱ्या चित्रकारापुढे हाच पेच असतो. त्या तुकड्याचे पूर्वायुष्य पुसले गेले, तर तो नुसता पोत होतो; ते तसेच राहिले आणि त्यात चित्रकाराने काही मिळविले नाही, तर तो संग्रह होतो.

यावर आक्षेप घेता येईल की, स्वतःपुरते कोलाज करणाऱ्या व्यक्तीवर हा निकष लादणे अन्यायाचे आहे. तिला मिळणारा दिलासा खराच आहे आणि त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु दिलासा हा कर्त्याचा अनुभव झाला, कृतीचा गुण नव्हे. समीक्षेने कृतीकडे पाहून विचारावयाचे ते इतकेच : हा तुकडा येथेच का, आणि त्याच्या मूळ धन्याचा आवाज येथे ऐकू येतो का? या दोन्ही प्रश्नांना चित्रातूनच उत्तर मिळत असेल, तर त्यातील ‘स्व’ वेगळा शोधावा लागत नाही.