हाताला न लागणारी ‘गाठ’: एक पारिभाषिक विचार

शस्त्रक्रियेपूर्वी स्तनातील सूक्ष्म विकृतीचे स्थान निश्चित करण्याच्या पद्धतींविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘गाठ’ हा शब्द सर्रास योजिलेला आढळतो. हा शब्द संस्कृत ‘ग्रंथि’, प्राकृत ‘गंठि’ या मार्गाने आला. मराठीत गाठ ‘हाताला लागते’. स्पर्श तिच्या अर्थातच बसलेला आहे. मग जी विकृती केवळ क्ष-किरणचित्रात चुन्याच्या बारीक कणांच्या रूपाने प्रकटते, तिला गाठ कसे म्हणावे? ‘तुमच्या गाठीत तार घालावयाची आहे’ हे ऐकून एखादी स्त्री ‘हाताला तर काही लागत नाही’ असे म्हणून उठून गेली, तर तिचे भाषाज्ञान चुकले असे म्हणता येणार नाही. ‘अस्पर्श्य’ हा पर्याय सुचविणाऱ्यांनी त्याच्या शेजारचा ‘अस्पृश्य’ पाहावा. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तरी तो सुचू नये.

वस्तुतः या पद्धती म्हणजे नसलेल्या स्पर्शाची भरपाई होय. टोकाशी आकडा असलेली तार शस्त्रक्रियेच्या दिवशीच बसवितात. ती स्वस्त आहे. पण सरकू शकते, आणि शल्यविशारदाला ठिकाणाबरोबर वाटही नेमून देते. टेक्नेशियमच्या पद्धतीत शोधकयंत्राच्या आवाजावरून जागा कळते. मात्र त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे, तेव्हा घाई अटळ. आयोडिन-१२५ चे अर्धायुष्य सुमारे साठ दिवसांचे असल्याने त्याचा कण काही दिवस आधी बसविता येतो. पण किरणोत्साराचे नियम काटेकोर पाळावे लागतात. चुंबकीय कणास ती अडचण नाही. तेथे पोलादी हत्यारे आड येतात. ध्वनिलहरींच्या चित्रात विकृती दिसत असेल तर यांपैकी काहीच नको. चुन्याचे कण मात्र तीत बहुधा दिसत नाहीत.

या कणास काही जण ‘बीज’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर शब्दशः बरोबर आणि परिणामतः घातक आहे. बी पेरले की उगवते, हे शेतकऱ्याच्या घरातील बाईला सांगावे लागत नाही. कर्करोगाची शंका असलेल्या जागी ‘बीज घालणार’ म्हटल्यावर ती काय समजेल? ‘खुणेचा कण’ पुरे.

दुसरा दोष विशेषणांचा. तारेला ‘जुनी’ व कणाला ‘अत्याधुनिक’ म्हटले, की तुलनेचा निकाल मोजमापापूर्वीच लागतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ३०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काढलेल्या भागाच्या कडेवर रोग आढळण्याचे प्रमाण किरणोत्सारी कणाच्या गटात १०.५ टक्के, तर तारेच्या गटात ११.८ टक्के होते. हा फरक नगण्य होय. कणाचा खरा लाभ वेळापत्रकाचा आहे. तो लाभ लहान नाही, परंतु त्यास ‘अधिक अचूक’ म्हणणे वेगळे.

आपल्याकडे हा प्रश्न मुळात किती जणींपुढे येतो, हेही पाहावयास हवे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत १९९८ साली आरंभिलेल्या चाचणीत १,५१,५३८ स्त्रिया होत्या, आणि तेथील तपासणी यंत्राची नसून प्रशिक्षित सेविकांच्या हाताची होती. २०२१ च्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. तेथे ‘गाठ’ हाच शब्द योग्य. मॅमोग्राफीनंतरच्या संमतिपत्रात मात्र ‘हाताला न लागणारा, चित्रात दिसलेला भाग’ असे लिहावे, आणि कडेवर रोग आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल, हे त्याच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत असावे.