पोटातलं पांढरं

ठळक अक्षराची परीक्षा घ्यायची असेल तर ‘अमळनेर’ लिहून पाहावं. अक्षरं पाचच, पण देवनागरीच्या बहुतेक खोड्या त्यांत सापडतात. ‘म’ आणि ‘न’ला गाठ आहे, ‘ळ’ला दोन पोटं आहेत, ‘ने’च्या मात्रेला शिरोरेषेच्या वर जागा लागते आणि ‘र’ची तंगडी शेजाऱ्याकडे झुकते. नवा फॉन्ट उतरवला की मी त्यात आधी हा शब्द टाइप करतो, तोही सर्वांत जाड वजनात.

जाड अक्षर बाहेर वाढत नाही, आत वाढतं. बाहेर शेजारची अक्षरं असतात, वर शिरोरेषा असते; मग शाई पोटात शिरते. ‘म’ची गाठ आधी बुजते, मग ‘न’ची. भौमितिक अक्षरात तर आणखी पंचाईत. १९२७ साली पाउल रेनरने ‘फुटुरा’ आणला तेव्हा रोमन लिपीतला ‘ओ’ जवळजवळ वर्तुळच होता, कंपास लावण्यासारखा. देवनागरीचं वळण मात्र तिरक्या कापलेल्या बोरूतून आलेलं. रेघ कुठे जाड व्हायची, कुठे बारीक, हे बोरूनेच ठरवलेलं. ती सगळी रेघ एकाच जाडीची केली की ‘अ’ आणि ‘झ’ अवघडल्यासारखे दिसतात. ‘ठ’ आणि ‘ळ’ तेवढे कंपासावर खूश. गंमत अशी की अमळनेर गावाकडचा अहिराणी बोलणारा माणूस ‘ळ’ उच्चारतच नाही, त्याचा ‘य’ करतो. जळगाव त्याच्या तोंडी जयगाव होतं. तोंडात न राहिलेला हा ‘ळ’ इथल्या फलकांवर मात्र सर्वांत गोल आणि ऐसपैस बसलेला असतो.

अमळनेरात साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते, फेब्रुवारी २०२४ मध्ये रवींद्र शोभणे. पहिल्या वेळी ठळक अक्षर म्हणजे एकतर छापखान्यातले मोठे खिळे, नाहीतर पेंटरचा ब्रश. पेंटरकडे फॉन्ट नव्हता, डोळा होता. दुकानाचं नाव लांब असेल तर तो अक्षरं अरुंद करी, पण गाठीतलं पांढरं बुजू देत नसे. ते बुजलं तर रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मुंबईत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत हीच जाण कलेच्या पातळीवर नेली. त्यांची अक्षरं कितीही जड झाली तरी त्यांच्यात हवा खेळत असे.

मग डीटीपी आलं, पाठोपाठ फ्लेक्स. या काळाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपि’ने छपाईचं काम कितीतरी सोपं केलं, ते श्रेय द्यायलाच हवं. पण फलकापुरता वाटेल तो साधा फॉन्ट घ्यायचा, आडवा ताणायचा, भोवती पिवळी बॉर्डर, तिच्याभोवती लाल आणि खाली शॅडो, हीच रीत झाली. आडवं ताणलं की काने फुगतात आणि शिरोरेषा बिचारी होती तेवढीच राहते. युनिकोडबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला. मंगळग्रहाचं देऊळ असलेल्या अमळनेरला हे नाव शोभतं खरं, पण तो पडद्यावरच्या मजकुराचा फॉन्ट. सुरुवातीला त्याला सख्खा ठळक भाऊही नव्हता. बोल्डचं बटण दाबलं की संगणक नुसती सूज आणायचा.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र खरोखर पालटलं. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ २०१४चा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. भौमितिक रोमन आणि देवनागरी एकाच घरात नांदवण्याचा हा गंभीर प्रयत्न. देवनागरीच्या मूळ अक्षराची उंची रोमनमधल्या उंच दांड्याच्या अक्षरांएवढी ठेवली आहे, म्हणून मिश्र मजकुरात मराठी खुजी दिसत नाही. सर्वांत जाड वजनातही तो नेटका राहतो. मला तो जरा जास्तच नेटका वाटतो. बँकेच्या पाटीला छान, जत्रेच्या फलकाला कोरडा.

‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’ उलट्या टोकाला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षर इतकं फुगवलं की पोटातलं पांढरं केसाएवढं उरलं. पण उरलं, आणि सगळी करामत तिथेच आहे. त्यात ‘अमळनेर’ लिहा: ‘म’ची गाठ दिसत नाही, तिची चीर दिसते, आणि तेवढ्यावर डोळा ‘म’ वाचतो. भूमितीच्या कडक हिशेबात तो बसत नाही, पण पेंटरच्या डोळ्याशी त्याचं नातं ‘पॉपिन्स’पेक्षा जवळचं. त्याच मंडळींचा ‘बालू’ या दोघांच्या मधला, आणि रोजच्या कामाला मी तोच सुचवीन.

एक दुखणं मात्र या नव्या फॉन्टांच्या काळातही उरलंच आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. कित्येक फॉन्टांत समोर येतं ते हिंदी वळण. मराठी रूप आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच बाहेर येतं. लग्नसराईत फ्लेक्सच्या दुकानात ते सांगायला कोणाला सवड नसते, आणि ‘लग्न’मधला ‘ल’ हिंदी वळणानेच छापला जातो.