झाड कोणी लावलं?

सॉफ्टवेअरवाल्यांना ख्रिस्तोफर अलेक्झांडर भेटतो तो 'डिझाइन पॅटर्न्स'चा आजोबा म्हणून. त्यामुळे 'अ सिटी इज नॉट अ ट्री' हा त्याचा १९६५चा निबंध मी अर्ध्या भक्तिभावानेच हाती घेतला. मुद्दा चोख आहे. झाडात एका फांदीवरून दुसरीवर जायचं तर बुंध्याकडे यावंच लागतं. सावकाश वाढलेल्या शहरांत गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. चंदीगड, ब्राझिलिया ही मात्र आखलेली झाडं.

तो बोलतो शहराच्या घटकांबद्दल, नुसत्या रस्त्यांबद्दल नाही. पण रस्त्यांना लावून बघा. शंभर चौक झाडासारखे जोडायला ९९ रस्ते पुरतात. दहा बाय दहाच्या जाळीला १८० लागतात. वरचे ८१ कुठल्याही एक्सेल शीटमध्ये उधळपट्टीच दिसतील. मात्र झाडातला एक रस्ता खोदला की पलीकडचं सगळं तुटतं (आणि पुण्यात रस्ता खोदलेला नाही असा दिवस कुठला?). नारायण पेठेत एक बोळ बंद असला तर माणूस शिव्या देत शेजारच्या बोळातून जातो. वाकडला दोन सोसायट्यांमध्ये एकच भिंत असते, पलीकडच्या गॅलरीतले कपडे मोजता येतात, पण तिथे पोचायला आधी मुख्य रस्ता, मग यू-टर्न.

इथे माझं अलेक्झांडरशी वाजतं. गुंतागुंत एका मनात मावत नाही, म्हणून आखणारा झाड काढतो, असं तो म्हणतो. वाकडचं झाड कोणी काढलं? शेतकऱ्याने वावर विकलं, बिल्डरने तेवढ्याला कुंपण घालून एक गेट मुख्य रस्त्याला दिलं. शेजाऱ्याने तेच केलं. जोडरस्ता कुणाच्या तरी जमिनीतून जातो, म्हणून तो डीपीतच राहतो. प्रत्येकजण स्वतःपुरता शहाणा.

उलट, त्याच्या 'नैसर्गिक' शहरांच्या यादीत क्योटो आणि मॅनहॅटन आहेत. क्योटोची चौकट आठव्या शतकाच्या अखेरीस राजधानी वसवताना आखलेली, मॅनहॅटनची १८११ साली कागदावर. आधी जाळी कुणीतरी ठरवून टाकली, मग तिच्यावर शहर मनसोक्त वाढलं.

निबंधातला सर्वांत सुंदर भाग बर्कलीतल्या एका कोपऱ्याचा आहे: औषधाचं दुकान, दाराशी वर्तमानपत्रांचा रॅक, समोर सिग्नल, थांबलेली माणसं मथळे वाचतात. असा कोपरा तयार व्हायला दोन रस्ते एकमेकांना भेटावे लागतात, हे त्याने गृहीतच धरलं आहे.