ब्रह्मपुरीचा पोसायडन : पुरावा आणि शिल्पकृती

प्रस्तावना :
कोल्हापूर येथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर प्रा. के. जी. कुंदणगार यांना धातूच्या वस्तूंचा मोठा संचय मिळाला. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. संचयातील ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ‘सातवाहनकालीन रोमन व्यापाराचा पुरावा’ अशी तिची ओळख रूढ झाली आहे. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
मूर्तीतील देव नग्न व दाढीधारी असून उभा आहे. हाती त्रिशूळ उरलेला नाही. तरीही देहाचा तोल आणि स्नायूंची घडण यांतून त्याचे देवत्व जाणवते. अभ्यासक या घडणीचा संबंध ग्रीक शिल्पकार लिसिपसच्या परंपरेशी जोडतात. याच संचयातील स्वारांसह असलेल्या हत्तीच्या कांस्यशिल्पाशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तेथे एकट्या देहाच्या घडणीपेक्षा स्वारांच्या समूहाला आणि गतीला महत्त्व आहे.

केवळ व्यापाराने या मूर्तीचे येथील अस्तित्व उलगडत नाही. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील, शिसे व राजासाठी चांदीची पात्रे आहेत, देवमूर्ती नाहीत. कल्याण बंदराविषयी तर तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हा ग्रंथ सांगतो. अर्थात ही मूर्ती नेहमीच्या मालापैकी नसून कोणीतरी आवडीने मिळवलेली व जपलेली वस्तू असावी.

जपणारा समाज धातुकलेस अपरिचित नव्हता. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखात कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. तेव्हा परदेशी ओतकाम पारखू शकणारे डोळे या भूमीत होते, असे मानण्यास आधार मिळतो. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये या संचयाची कलादृष्टीने चर्चा केली. रिचर्ड डी प्यूमा यांनी १९९१ मध्ये त्यातील रोमन वस्तूंचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी अध्यापनात मात्र ही दृष्टी पुरेशी रुजलेली नाही.

निष्कर्ष :
कल्याण परिसरातील आमचे विद्यार्थी बंदरांची नावे पाठ करतात, शिल्प मात्र पाहत नाहीत. पोसायडन व हत्ती शेजारी ठेवून शिकविल्यास सातवाहनकालीन महाराष्ट्र हा केवळ माल घेणारा प्रदेश न राहता, कलाकृती निवडणारा, पारखणारा व स्वतः घडविणारा समाज म्हणून समोर येईल.