‘गीतारहस्या’चं दहावं प्रकरण : कर्म मागे बघण्यासाठी की पुढे?



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी एक व्यायाम सांगते. आपल्या विषयाबाहेरचं एक पुस्तक घ्या, त्यातलं एकच प्रकरण निवडा आणि त्यावर दोन पानं टीका लिहा. टीका म्हणजे चुका काढणं नव्हे. लेखकाचा प्रश्न कोणता, त्याने कोणते शब्द कोणत्या अर्थाने वापरले, युक्तिवाद कुठे पक्का आहे आणि कुठे सांधा ढिला आहे, एवढं नीट सांगता आलं की झालं. आज तो व्यायाम मीच तुमच्यासमोर करून दाखवते.

मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. निवडलं आहे लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तलं दहावं प्रकरण, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला आणि तो १९१५ मध्ये छापून आला. हेच प्रकरण का, त्याला घरचं कारण आहे. माझ्या धाकट्या भावाला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. मी बारावीत असताना एका लग्नघरात नात्यातल्या एक बाई माझ्या आईला म्हणाल्या, “मागच्या जन्मीचं असतं गं, भोगून संपवायचं.” त्यांचा हेतू धीर देण्याचाच होता. पण आई त्यानंतर कित्येक महिने ‘माझ्या हातून काय घडलं असेल’ हेच घोकत राहिली. तेव्हापासून मला विचारायचं होतं की कर्मसिद्धांत खरंच हे म्हणतो का?

आधी टिळकांचा प्रश्न समजून घेऊ, कारण पुष्कळदा आपण लेखकाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे मागतो. त्यांचा प्रश्न असा : जर प्रत्येक कृतीला आधीच्या कृतीचं कारण असेल आणि ही साखळी अनादि असेल, तर माणसाला स्वतःची सुटका करून घेण्याचं स्वातंत्र्य उरतं का? नसेल तर ‘हे कर, ते करू नको’ असं शास्त्राने सांगण्यालाच अर्थ नाही. हा प्रश्न अस्सल आहे, आणि टिळक तो टाळत नाहीत.

दुसरी पायरी शब्दांची. ‘कर्म’ हा शब्द टिळक रूंद अर्थाने घेतात. यज्ञयाग किंवा पापपुण्याची कृत्यंच नव्हेत, तर माणूस जे जे करतो ते सगळं कर्म. आता वर्गीकरण. परंपरेत तीन भाग सांगतात : संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली ते, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता करतो आहोत ते. टिळकांना हे तिसरं खातं मान्य नाही. ब्रह्मसूत्रांच्या आधाराने ते दोनच भाग मानतात. फळ सुरू झालेलं ते प्रारब्ध आणि सुरू न झालेलं ते अनारब्ध. आत्ता चाललेलं कर्म हाही प्रारब्धाचाच परिणाम, मग वेगळं खातं कशाला?

तर्क म्हणून हे स्वच्छ आहे. वर्गीकरणाची कसोटी एकच हवी (इथे ‘फळ सुरू झालं की नाही’), हे शिस्तीचं लक्षण आहे. तुमच्या प्रबंधातल्या तक्त्यांनाही हीच शिस्त लागते.

पण माझ्या मते सांधा इथेच ढिला होतो. ‘क्रियमाण’ हे खातं काढून टाकलं की साखळीच्या आत मोकळी जागा राहत नाही. मग टिळकांना स्वातंत्र्य बाहेरून आणावं लागतं. ते येतं आत्म्याकडून. आत्मा मुळात स्वतंत्र आहे, त्याची प्रेरणा देह-इंद्रियांच्या द्वारा काम करते आणि ज्ञानाने कर्माचं बंधन तुटतं. कांट आणि ग्रीन यांच्याशी त्यांचं नातं जुळतं ते इथेच. मोक्षाच्या प्रश्नाला हे उत्तर पुरतं. पण रोजच्या जबाबदारीचं काय? काल मी बफरचा पीएच न तपासता प्रयोग लावला आणि आठवडा वाया गेला. यात माझं किती, माझ्या सवयीचं किती, बिघडलेल्या मीटरचं किती? मुळात स्वतंत्र असलेला आत्मा इथे फारशी मदत करत नाही. थोडाही प्रयत्न वाया जात नाही हा गीतेचा दिलासा टिळक देतात, आणि तो मोलाचा आहे. हिशेब मात्र बाकी राहतो.

या हिशेबाचं साधन गीतेतच आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवं दैव. म्हणजे जागा, माणूस, हत्यारं, कामाची पद्धत आणि आपल्या हातात नसलेलं. पुढे असंही म्हटलं आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. प्रयोग फसल्यावर लॅबमध्ये आपण हेच करतो ना? पाचही रकाने तपासतो. दैव हा एक रकाना आहे, आणि तो शेवटचा आहे. जबाबदारी वाटली जाते, पण नाहीशी होत नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. तो टिळकांपेक्षा आपण कर्मसिद्धांत कसा वापरतो यावर आहे. ‘जे कराल त्याचं फळ मिळेल’ हे वाक्य पुढे बघतं. ते माणसाला सावध करतं. ‘जे मिळालं त्याअर्थी तसं केलं असणार’ हे वाक्य मागे बघतं. दोन्ही सारखीच वाटतात, पण दुसऱ्याची जात वेगळी आहे. भाऊ आजारी पडला तरी मागचं कर्म, बरा झाला तरी मागचं कर्म. ज्याच्या विरुद्ध कुठलंच निरीक्षण जाऊ शकत नाही, ते विधान काहीच समजावत नाही. कार्ल पॉपरचं नाव तुम्ही नेटच्या तयारीत वाचलं असेल, ते इथे कामाला येतं.

“तत्त्वज्ञानाला प्रयोगशाळेची कसोटी का लावतेस?” असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. टिळक नीतीचा पाया शोधतात, गृहीतक मांडत नाहीत. त्यांची परीक्षा तर्काच्या सुसंगतीनेच व्हायला हवी. पण एखाद्या विशिष्ट मुलाच्या विशिष्ट आजाराचं कारण म्हणून कोणी कर्म पुढे केलं, की ते विधान आमच्या अंगणात आलं. मग त्याला आमचे नियम लागू.

आणि हे भान आपल्या परंपरेला नव्हतं असं समजू नका. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, आयुष्य ठरलेलं असतं का असा प्रश्न येतो. उत्तर असं की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असतं. दैव म्हणजे पूर्वीच्या देहात केलेलं, पुरुषकार म्हणजे या देहात केलेलं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधांचा उपयोग काय? पुढे गाडीच्या आसाचा दृष्टांत आहे. चांगला आस नीट वापरला तर आपल्या वेळेला झिजून मोडतो. तोच जादा ओझ्याने, खराब रस्त्याने किंवा गाडीवानाच्या चुकीने मध्येच मोडतो. दैव नाकारलेलं नाही, पण वैद्याने बघायचं ते ओझं आणि रस्ता. क्रियमाणाला इथे भक्कम जागा आहे.

मागे बघणाऱ्या कर्माचा सामाजिक हिशेब डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात मांडला. गरिबाची गरिबी त्याच्या पूर्वजन्मावर ढकलली, की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून सुटतात, हा त्यांचा आक्षेप. दहावं प्रकरण वाचताना हे शेजारी ठेवा. टिळकांनी माणसाला कामाला लावण्यासाठी हा सिद्धांत वापरला. तोच सिद्धांत दुसऱ्याला गप्प बसवायलाही वापरता येतो, आणि त्याविरुद्धची तटबंदी मला या प्रकरणात सापडली नाही.

भावाच्या आजाराचं कारण पुढे मी एमएस्सीत शिकले. आई आणि बाबा दोघेही वाहक. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के. दोघांना स्वतःला काहीच त्रास नव्हता. हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी झाली असती तर आधी कळलं असतं, पण ती करा असं त्यांना कोणी सांगितलंच नाही. मी हे कागदावर चौकट काढून आईला समजावलं. ती बराच वेळ कागद बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी काही केलं नव्हतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण आता करता येईल.” गेल्या वर्षी मामेबहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांसमोर दोघांच्या तपासणीचा विषय आईनेच काढला.

तर तुमचा गृहपाठ. हे प्रकरण मुळातून वाचा आणि माझा ‘ढिल्या सांध्या’चा दावा तपासा. टिळकांनी क्रियमाण काढून टाकल्यामुळे खरंच जागा गेली, की मी आत्मस्वातंत्र्याचा अर्थ अपुरा लावला? दोन पानं लिहा. माझ्या विरोधात लिहिलंत तर जास्त शिकाल.