दुसऱ्याच्या फोनमधलं आपलं नाव

आजचा विषय हिंजवडीसारख्या ठिकाणी समजावून सांगावा लागत नाही. इथे माणूस नवा आला की आधी त्याचा मोबाइल नंबर विचारतात. सोसायटीच्या फाटकावर, भाड्याचं घर बघताना, पार्सल घेताना आपण तो सांगून मोकळे होतो. त्या नंबरावरून नाव शोधून देणाऱ्या सेवांबद्दल आज बोलू. त्यांतली सर्वांत परिचित ट्रूकॉलर. ती २००९ मध्ये स्टॉकहोमला सुरू झाली आणि तिची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे.

काही जण म्हणतात, यात नवीन काय? पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी होतीच की. होती, पण तिच्यात नावावरून नंबर मिळायचा. नंबरावरून नाव काढायचं तर सगळा ठोकळा चाळावा लागे. ही अडचण कोणी मुद्दाम घातली नव्हती, तरी तिच्यामुळे माणूस सुरक्षित राहत होता. शिवाय डिरेक्टरीतलं नाव ग्राहकाने स्वतः दिलेलं असे.

नव्या यादीतलं नाव कुठून येतं? पुष्कळदा इतरांच्या फोनमधून. ॲप घेताना कोणीतरी आपल्या संपर्कयादीला परवानगी देतो आणि त्या यादीतली शेकडो माणसं त्याच्याबरोबर आत जातात. समजा, एक बाई फेज वनमधल्या पाच घरी स्वयंपाक करतात. एका घरी त्यांचा नंबर ‘कुक फेज वन’ म्हणून ठेवलाय. त्या घरापुरतं ते ठीक आहे. तो अपमान नाही, सोय आहे. पण त्याच बाई मुलाच्या शाळेत फोन करतात आणि समोर उमटतं ‘कुक फेज वन’. त्यांनी ॲप कधी घेतलं नाही, कुठलंही बटण दाबलं नाही. तरी त्यांची ओळख कोणीतरी परस्पर ठरवून टाकली.

हेलन निसेनबॉम या तत्त्वज्ञ बाईंचा एक विचार इथे उपयोगी पडतो. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे; माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाच्या मर्यादेत ती फिरावी, एवढीच अपेक्षा. म्हणून ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या बाईंनी काय लपवलं होतं?

कंपन्यांचं उत्तर असतं, वापरणाऱ्याने संमती दिली आहे. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. शेजाऱ्याने किल्ली आपल्याकडे ठेवली, म्हणून ती तिसऱ्याला द्यायची संमती आपण देऊ शकतो का?

आता दुसरी बाजू. फसवणुकीचे फोन खरे आहेत, ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. अनोळखी नंबरांवरून बायकांना होणारा त्रासही खरा आहे. दार वाजवणाऱ्याला ‘कोण आहे?’ विचारण्याचा हक्क घरातल्या माणसाला आहेच. पण रस्त्याने जाणाऱ्या कोणाचंही नाव-गाव काढत बसण्याचा हक्क त्यातून निघत नाही. फोन वाजल्यावर ओळख विचारणं वेगळं आणि हवा तो नंबर टाकून माणूस शोधणं वेगळं. रिक्षासाठी नंबर दिलेल्या मुलीचं पूर्ण नाव रिक्षावाल्याला मिळतं, ते दुसऱ्या वाटेने.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. घरगुती कामासाठी कोणी माहिती ठेवली तर तो कायदा लागू होत नाही. फोनमधली यादी त्यात बसते. पण ती कंपनीच्या हवाली केली की तिचा घरगुतीपणा संपतो, असं आमचं मत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने शिफारस केली की सिमच्या अर्जावरचं नाव फोन घेणाऱ्याला दिसावं. निदान नाव ग्राहकाने दिलेलं असेल, ही सुधारणा खरी. पण आपल्याकडे कितीतरी बायकांचं सिम नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलीने प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं नाव का सांगावं? नावाचा उगम सुधारला, संदर्भाचा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो. नाव दाखवायचं तर ज्याचं त्याच्या संमतीने. दाखवायचं ते फोन आल्यावर, शोधायला खुलं ठेवून नव्हे. आणि नाव काढून टाकण्याचा भार कंपनीवर हवा. आज आपण त्या यादीत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने नाव काढायचा अर्ज कुठे करावा?

कायदा होईल तेव्हा होईल. आज घरी गेल्यावर आपल्या फोनमध्ये कोणकोणत्या ॲपला संपर्कयादीची परवानगी आहे ते बघा आणि नको तिथली काढून टाका. ती यादी आपल्या फोनमध्ये असली तरी तिच्यातली माणसं आपल्या मालकीची नाहीत.

आता प्रश्न घेऊ या.